बाळाचा चेहरा वाचायला कोण शिकवते?

पनवेलमध्ये आम्ही काही विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर एकत्र बसतो आणि एखादा शोधनिबंध वाचतो. गेल्या खेपेचा विषय होता : तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याकडे आईबापांचे लक्ष कसे वेधले जाते? वाचनाला सुरुवात होते न होते तोच बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या एक बाई म्हणाल्या, "खरे सांगू का? पहिले आठ-दहा दिवस मला काहीच कळत नव्हते. बाळ रडले की मी आईच्या तोंडाकडे बघायची. भूक लागली की पोट दुखतेय, ते आईच सांगायची. येणारे-जाणारे म्हणायचे, 'आईला बरोबर कळते.' मग मला का कळत नाही? माझ्यातच काही उणे आहे असे वाटून रात्री मी रडायची."

यावर निवृत्तीला आलेले एक सर म्हणाले, "माझ्या मुलाचा चेहरा मी नीट पाहिला तो बारशाला. नंतरही घरी असायचो ते रात्री नऊनंतर. मला कळत नाही असे सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटायचे."

या दोन अनुभवांनी आमच्यापुढचा प्रश्न स्पष्ट केला. बाळाच्या चेहऱ्याकडे लक्ष जाणे आणि त्या चेहऱ्याचा अर्थ कळणे या गोष्टी उपजत आहेत की बाळाचे करता करता येतात? 'आईला उपजतच कळते' या वाक्यामागे नेमका पुरावा कोणता? पुढील विवेचन म्हणजे त्या पुराव्याची, शिक्षकाच्या नजरेने केलेली, तपासणी आहे.

मूळ कल्पना

या विषयाची सुरुवात बहुधा कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञापासून केली जाते. १९४३ साली त्यांनी असे मांडले की, शरीराच्या मानाने मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल, छोटे नाक ही लक्षणे दिसली की माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते, मग ती लक्षणे बाळाची असोत, पिल्लाची असोत वा बाहुलीची. स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ साली एका गमतीदार लेखात दाखवून दिले की मिकी माऊसचे डोके आणि डोळे पन्नास वर्षांत हळूहळू मोठे होत गेले. चित्रकारांना लोरेन्झ ठाऊक असोत वा नसोत, लोकांना काय आवडते ते त्यांनी बरोबर हेरले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लोरेन्झ यांची कल्पना सर्व माणसांबद्दल आहे, केवळ आईबद्दल नाही. पुरुष, मुले, म्हातारी माणसे, कोणीही बाळाकडे वळून पाहते. पनवेल स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत कोणाच्या कडेवर बाळ असेल तर आजूबाजूच्या माणसांच्या नजरा पाहाव्यात. तेव्हा 'आईचे वेगळे काय?' हा खरा प्रश्न आहे.

प्रयोग

लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि अमेरिकेतील येल विद्यापीठ येथील थॉम्पसन-बूथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले काम याच प्रश्नाचे आहे. प्रयोगाची युक्ती सुंदर आहे. समोरच्या पडद्यावर काही चेहरे दिसतात, पण पाहणाऱ्याला सांगितलेले काम वेगळेच असते. चेहऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. चेहऱ्याने लक्ष खेचून घेतले तर मूळ कामाच्या उत्तराला उशीर होतो. हा उशीर इतका अल्प असतो की तो आपल्याला जाणवत नाही, संगणकच मोजू शकतो. प्रौढांच्या चेहऱ्यांपेक्षा बाळांचे चेहरे समोर असताना हा उशीर अधिक झाला. तो आई असलेल्या स्त्रियांत झाला, तसाच आई नसलेल्या स्त्रियांतही झाला. पण आई असलेल्यांत तो जास्त होता.

या प्रयोगाचा मोठा गुण असा की यात कोणाला 'तुम्हाला मुले आवडतात का?' असे विचारलेले नाही. तसे विचारले तर समाजाला जे आवडते तेच उत्तर मिळते. येथे मत विचारलेले नाही, वेळ मोजलेला आहे. मोजमाप म्हणजे काय हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना समजावून देण्यास हे उत्तम उदाहरण आहे.

पहिली उणीव : तीन गोष्टींची मोळी

आता उणिवा. असा निष्कर्ष सामान्य वाचकापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. एक म्हणतो, 'पाहा, मातृत्व निसर्गदत्त आहे.' दुसरा म्हणतो, 'पाहा, अनुभवाने लक्ष वाढते.' प्रयोग एकच, अर्थ मात्र उलटसुलट! असे का होते?

कारण 'आई' आणि 'आई नसलेली' अशी तुलना करताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच मोळीत बांधल्या जातात. आई झालेल्या स्त्रीच्या शरीराने गर्भारपण, प्रसूती व अंगावर पाजणे यांतील संप्रेरकांचे बदल अनुभवलेले असतात, ही पहिली गोष्ट. तिने शेकडो तास बाळाचे केलेले असते, ही दुसरी. आणि मूल हवे असे वाटणाऱ्या स्त्रियांना मुळातच बाळांची ओढ अधिक असू शकते, ही तिसरी. या तिन्हींपैकी उशीर कशामुळे वाढला ते केवळ या तुलनेवरून सांगता येत नाही.

शाळेतले उदाहरण घेऊ. खासगी शिकवणीला जाणाऱ्या मुलांना गणितात जास्त गुण मिळाले, एवढ्यावरून शिकवणीचा उपयोग सिद्ध होत नाही. त्या मुलांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली असेल, आईवडील शिकलेले असतील, किंवा गणिताची आवड असलेलीच मुले तिकडे जात असतील. शिकवणी लावण्यापूर्वीचे गुण आणि नंतरचे गुण पाहिल्याशिवाय आपण निकाल देणार नाही. तीच काटेकोर नजर येथेही ठेवायला हवी.

मोळी सोडवण्याचे प्रयत्न

यावर उपाय दोन. एक, गर्भारपण न घडलेल्या जिवाला बाळाचे करायला लावून पाहणे. दुसरा, एकाच व्यक्तीची आधी आणि नंतर तपासणी करणे.

पहिल्या उपायाचा जुना आणि नावाजलेला प्रयोग उंदरांवरचा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जे रोझेनब्लॅट यांनी १९६७ साली तो प्रसिद्ध केला. कधीही न व्यालेल्या मादीजवळ पिल्ले ठेवली तर सुरुवातीला ती त्यांना टाळते. पण रोज पिल्ले जवळ ठेवत गेले तर सुमारे पाच-सहा दिवसांत ती त्यांना चाटू लागते, तोंडात धरून घरट्यात आणू लागते. अंडाशय किंवा पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या माद्यांतही असे घडले आणि नरांतही घडले. नुकतीच व्यालेली मादी मात्र हे सर्व पहिल्या क्षणापासून करते. म्हणजे संप्रेरके सुरुवात लवकर करून देतात, पण ती नसली तरी सहवासाने त्याच ठिकाणी पोचता येते. फक्त वाट लांबची असते.

माणसांमध्ये असा प्रयोग कोणी करू शकत नाही. पण बाळाचे सर्व काही करणारे बाप शोधता येतात. इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठाच्या रूथ फेल्डमन व सहकाऱ्यांनी २०१४ साली ८९ आईबापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाळाचे मुख्यतः स्वतः करणाऱ्या २० आया होत्या, त्यांना हातभार लावणारे २१ बाप होते आणि आईविना, दोन पुरुषांच्या घरात बाळ वाढवणारे ४८ बाप होते. स्वतःच्या बाळाची चित्रफीत पाहताना त्यांच्या मेंदूतील हालचाल नोंदली गेली. भावना व सावधपणा यांच्याशी संबंधित अमिग्डाला हा भाग आयांमध्ये हातभार लावणाऱ्या बापांपेक्षा जास्त क्रियाशील होता. पण बाळाचे सर्व करणाऱ्या बापांत तो आयांच्या जोडीचा आढळला. शिवाय जो बाप बाळाचे जितका वेळ करत असे, तितका त्याच्या मेंदूतील अमिग्डाला आणि दुसऱ्याच्या हावभावांचा अर्थ लावणारा भाग यांचा परस्परसंबंध अधिक पक्का होता.

आवाजाच्या बाबतीतही असाच पुरावा आहे. फ्रान्समधील संशोधकांनी २०१३ साली आईबापांना अनेक बाळांचे रडणे ऐकवून आपले बाळ ओळखायला सांगितले. दिवसाचे चार तासांहून अधिक बाळासोबत असणारे बाप सुमारे ९० टक्के वेळा बरोबर आले. चार तासांपेक्षा कमी वेळ असणारे बाप सुमारे ७५ टक्के वेळा. बाप तर दोन्हीकडे बापच होते. फरक तासांचा होता.

हे वाचून आमच्या बैठकीत काहींना एकदम विजयी वाटले. पण शिकवणीचे उदाहरण त्यांनाही लागू आहे. बाळांची ओढ असलेले पुरुषच जास्त वेळ घरी राहत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? फेल्डमन यांच्या अभ्यासातील बापांनी मूल मिळवण्यासाठी मुद्दाम खटपट केली होती. ते काही सर्वसामान्य पुरुषांचा नमुना नव्हेत. हा पुरावा दिशा दाखवतो, शेवटचा निकाल देत नाही.

दुसरी बाजूही पाहू

दुसऱ्या उपायाचे, म्हणजे आधी-नंतर तपासणीचे, उत्तर थोडे वेगळे येते आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एल्सेलीन हुकझेमा व त्यांच्या स्पेनमधील सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या मेंदूची चित्रे गर्भारपणापूर्वी आणि बाळंतपणानंतर घेतली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या काही भागांतील करड्या द्रव्याचे आकारमान कमी झालेले दिसले आणि हा बदल किमान दोन वर्षे टिकला. त्यांच्या जोडीदारांत तसा बदल आढळला नाही. पुढे २०२२ साली स्पेन आणि कॅलिफोर्नियातील नव्या बापांच्या मेंदूतही बदल नोंदले गेले, पण ते बरेच लहान होते.

तेव्हा 'सारे अनुभवाचे, निसर्गाचे काही नाही' हेही खरे नाही. गर्भारपण मेंदूत बदल घडवते. मात्र आकारमान बदलले म्हणजे बाळाच्या रडव्या चेहऱ्याचा अर्थ आयता कळला, असे होत नाही. जमीन नांगरलेली असणे वेगळे आणि पीक येणे वेगळे. पेरणी-खुरपणीला दिवस लागतात. आमच्या सहकारी बाईंचे पहिले आठ-दहा दिवस हे त्या पेरणीचे होते. त्यांच्यात काही उणे नव्हते.

दुसरी उणीव : छायाचित्र आणि बाळ

आमचा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. पडद्यावरचे चेहरे अनोळखी बाळांचे असतात. ते स्थिर असतात, कडेने कापलेले असतात. त्यांना अंग नाही, वास नाही, आवाज नाही आणि कालचा दिवस नाही. बाळाचे करणारे माणूस नेमके कालच्या दिवसाशी आजची तुलना करत असते. 'आज डोळे मलूल दिसताहेत', 'आज नेहमीसारखे टक लावून बघत नाही' या वाक्यांत 'आज' हा शब्द महत्त्वाचा आहे. संगणकाच्या प्रयोगात मोजले जाते ते वेधले जाणारे लक्ष. घरात उपयोगी पडते ती पारख. पहिले मोजणे सोपे म्हणून त्यालाच दुसरे समजणे ही चूक आहे.

ही पारख शिकता येते, शिकवता येते आणि तिने जीव वाचतात, याचा भक्कम पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा अभ्यास केला. ३९ गावांत, थोड्याफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे रडणे क्षीण झाले आहे का, चोखणे कमी झाले आहे का, अंग ढिले पडले आहे का, हाताला गार लागते का, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, हे त्या पाहत. यांतील काही खुणा 'आधी चांगले होते, आता कमी झाले' अशा स्वरूपाच्या आहेत. म्हणजे आधीचे ठाऊक असल्याशिवाय त्या ओळखताच येत नाहीत. ते आधीचे सांगणार आई, आजी, जो कोणी बाळाजवळ आहे तो. जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार होऊ लागल्यावर या आजाराने दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

हे यश औषधांचे आणि उबेच्या काळजीचेही होते, केवळ नजरेचे नव्हे. पण औषध केव्हा द्यायचे हे नजरेनेच ठरत होते. पुढे २०११ पासून हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्तींमार्फत राबवली गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचे, असे तिचे वेळापत्रक आहे. आपल्या जुन्या माणसांनी पाचवी-सहावीच्या रात्री बाळाजवळ जागण्याची प्रथा पाडली. सटवाई कपाळी नशीब लिहायला येते ही त्यामागची समजूत आपण मानणार नाही. पण नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात हे लक्षात घेतले, तर त्या रात्री कोणीतरी बाळाच्या तोंडाकडे पाहत जागे होते, ही गोष्ट काही वाईट नव्हती.

तास कोणाच्या वाट्याला येतात?

आता पुन्हा पनवेलकडे येऊ. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सव्वा महिना, कधी तीन महिने, बाळ आणि बाळंतीण तिकडे. बाप इकडे तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर, नाहीतर हार्बर मार्गावरच्या लोकलमध्ये. बाळाचा चेहरा रोज बदलत असतो तेव्हा तो तेथे नसतो. बाळ घरी येते तोवर आईच्या गाठीला शेकडो तासांचा सराव आलेला असतो आणि बापाच्या गाठीला काहीच नाही. मग बाळ त्याच्याकडे रडते, तो गोंधळतो, आई बाळ काढून घेते आणि सर्वजण म्हणतात, 'पुरुषांना नाही कळत.' घड्याळाने केलेला फरक आपण निसर्गाच्या नावावर मांडतो.

माहेरच्या रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथे नवख्या आईला शिकवणारी आजी भेटते. नवीन पनवेल, कामोठे, खारघर येथील दोन खोल्यांच्या घरात गावची आजी येऊ शकली नाही, तर ही शिकवणी बंद पडते. मग आई एकटी आणि 'तुला कळायलाच हवे' ही अपेक्षा मात्र कायम. आमच्या बाईंना निदान त्यांची आई होती.

'उपजत' या शब्दाची किंमत अशी तीन जण मोजतात. ज्या आईला पहिल्या दिवशी काही वाटत नाही ती स्वतःला दोषी समजते. बाळंतपणानंतरचे नैराश्य लपवले जाते ते अशाच लाजेपोटी. बाप शिकायची संधीच गमावतो. आणि अंगणवाडी सेविका, आशाताई यांची पारख 'बायकांना येतेच' म्हणून कौशल्यात धरली जात नाही. आशाताई तर आजही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका गणली जाते. धोरणांतही हेच दिसते. २०१७ सालच्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ही चांगलीच गोष्ट. पण त्या दुरुस्तीत बापाच्या रजेला स्थान नव्हते. दत्तक बाळाच्या आईबापांना नातेवाईक 'माया येईल का?' असे विचारतात, तेही याच शब्दाच्या जोरावर. उंदरांचा तो साधा प्रयोग त्यांना कोणीतरी सांगायला हवा.

वर्गासाठी

आठवी ते बारावीच्या वर्गात हा विषय दोन कामांसाठी वापरता येईल. पहिले काम : 'आई आणि आई नसलेली स्त्री' या तुलनेत आणखी कोणकोणत्या गोष्टी वेगळ्या आहेत त्यांची यादी मुलांकडून करवून घ्यावी आणि प्रत्येक गोष्ट वेगळी काढायची तर कोणाची कोणाशी तुलना करावी लागेल, हे विचारावे. ज्या मुलींनी, आणि मुलांनीही, धाकट्या भावंडांना सांभाळले आहे त्यांचा गट कोणी ना कोणी सुचवतेच. दुसरे काम : घरी किंवा शेजारी तान्हे बाळ असेल तर बाळ रडले की कोण काय पाहून कारण ओळखते, याची आठवडाभर नोंद ठेवावी. 'मला कळते' या उत्तरावर न थांबता 'कशावरून?' असे विचारावे. मुठी, ओठ, भुवया, मान वळवणे अशी उत्तरे येऊ लागली की पारख म्हणजे काय ते मुलांना आपोआप समजेल. या नोंदींवरून सिद्धांत काढू नये. चार-दोन घरांचा नमुना तेवढा मोठा नसतो, हेही त्यांना सांगावे.

थॉम्पसन-बूथ यांच्या प्रयोगाविषयी आमचा अभिप्राय असा : मोजमाप चोख, तुलना अपुरी. बाळाचा चेहरा आयांना अधिक खिळवतो हे त्यातून कळते. का खिळवतो ते त्यातून कळत नाही. ते कळायला गर्भारपणाआधीपासून पुढे वर्ष-दोन वर्षे त्याच स्त्रीपुरुषांची तपासणी आणि बाळासोबतच्या तासांची प्रामाणिक नोंद हवी. माहेरी आणि सासरी झालेल्या बाळंतपणांतील बापांची तुलना तर महाराष्ट्रातच करता येईल. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ती हाती घेतली तर आम्हाला आनंद वाटेल.

बैठक संपल्यावर निवृत्तीला आलेले ते सर जिन्यात थांबले. मुलीचे बाळंतपण पुढच्या महिन्यात त्यांच्याच घरी व्हायचे आहे. ते म्हणाले, "जावईबापूंना सांगणार आहे, पंधरा दिवसांची रजा मिळते ना, बारशापुरते येऊ नका. पहिल्याच दिवसापासून या."